समोरचा ऑल इन झाला, तिसरा अजून डावात आहे: बेट मारायची की गप्प बसायचं?

तीन पत्तीवर वाढलेल्या माणसाला पोकरच्या टुर्नामेंटमध्ये एक सवय हमखास नडते. चाल वाढवायची, समोरच्याला पॅक करायला लावायचं आणि पॉट ओढायचा, हे हाताला इतकं सवयीचं असतं की ऑल इन झालेला, म्हणजे उरलेल्या सगळ्या चिप्स लावून मोकळा झालेला माणूस समोर बसलेला असतानाही तो तेच करतो. पण ऑल इन झालेला पॅक होत नाही. त्याला आता काही भरायचंच नाही, त्यामुळे तो शेवटचा पत्ता उघडेपर्यंत बसणारच. तुम्ही कितीही मोठी बेट मारा, त्या बेटनं उठणार तो डावातला तिसरा. या एका गोष्टीवर पुढचं सगळं उभं आहे.

टेक्सास होल्डेम म्हणजे हातात दोन पत्ते, मग टेबलावर सगळ्यांसाठी फ्लॉपचे तीन, टर्नचा एक, रिव्हरचा एक, एवढं तुम्हाला येतं असं मी धरून चालतो.

आधी टेबल मांडून घेऊ

सगळ्या हिशोबासाठी एकच टेबल घेतो, म्हणजे आकडे डोक्यात राहतील. मे महिना, परभणीकडचा शेतातला आखाडा, घरातली आणि सोयऱ्याधायऱ्यांतली मंडळी. प्रवेश फुकट, पैसे लावायचे नाहीत, चिप्स नुसत्या मोजायला. बक्षीस केसर आंब्याच्या पेट्यांचं: पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २. चौथ्याला काही नाही.

ऑनलाइन पैसे लावून खेळण्यावर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंदी आहे, आणि महाराष्ट्रात जुगारबंदीचा १८८७ चा कायदा आजही लागू आहे. त्यामुळे पैशाशिवायची ही पद्धतच मला पसंत आहे. बक्षीस आंब्याचं असलं म्हणून खेळातली चुरस तसूभरही कमी होत नाही, हे चौथ्या नंबरवर बाहेर पडलेल्याचं तोंड पाहिलं की कळतं.

आता चौघं उरलेत. तुमच्याकडे ४०,००० चिप्स, तात्यांकडे ३०,०००, दाजींकडे २५,००० आणि भाच्याकडे फक्त ५,०००. ब्लाइंड, म्हणजे दर डावात दोघांनी आळीपाळीनं पत्ते बघण्याआधीच भरायच्या चिप्स, ५००-१,०००. म्हणजे भाच्याकडे पाच मोठे ब्लाइंड उरलेत, तो कधीही सगळं ढकलणार.

पहिली पायरी: पॉट वेगळे करा

भाचा ५,००० नं ऑल इन झाला, तुम्ही आणि दाजींनी कॉल केला, म्हणजे तेवढेच भरले, तात्यांनी पत्ते टाकले. मुख्य पॉट १५,००० चा झाला. (ब्लाइंडची किरकोळ भर पुढच्या हिशोबात सोडून देतो.) त्यावर तिघांचा हक्क. यापुढे तुम्ही आणि दाजी जे काही लावाल ते साइड पॉटमध्ये, आणि त्यावर फक्त तुमच्या दोघांचा हक्क. फ्लॉपवर दाजींनी ६,००० लावले आणि तुम्ही कॉल केलं तर साइड पॉट १२,००० चा. शेवटी पत्ते उघडताना आधी साइड पॉट सोडवायचा, मग मुख्य.

घरच्या खेळात चिप्सचा एकच ढीग होतो आणि मग भांडणं लागतात. मुख्य पॉट वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला सरकवून ठेवा आणि साइड पॉटचा ढीग मध्ये लावा. साइड पॉट रिकामा आहे की भरलेला, हे नजरेसमोर दिसत राहायला हवं, कारण बेट मारायची की नाही याचं निम्मं उत्तर तिथंच असतं.

दुसरी पायरी: तिसरा कुणी नसेल तर नुसतं गणित

सगळ्यांनी पत्ते टाकले आणि मोठ्या ब्लाइंडवर तुम्ही एकटेच उरलात, तर बेटचा प्रश्नच नाही. कॉल किंवा फोल्ड, म्हणजे भरायचं किंवा पत्ते टाकायचे, एवढंच. भाच्याचे ५,०००, छोट्या ब्लाइंडचे ५०० आणि तुमचे आधीच गेलेले १,०००, असे पॉटमध्ये ६,५०० आहेत. तुम्हाला भरायचे ४,०००. भरल्यावर पॉट १०,५०० चा. चार हजार भागिले साडेदहा हजार, म्हणजे ३८ टक्के. जिंकण्याची शक्यता याच्या वर असेल तर कॉल.

अंदाजासाठी चार आकडे पाठ असू द्या. तुमची जोडी आणि त्याची त्याहून मोठी दोन पानं, तर साधारण ५५ टक्के तुमचे. तुमची जोडी त्याच्या जोडीपेक्षा लहान, तर २० च्या आतबाहेर. एक्का दोघांकडे पण दुसरं पान तुमचं लहान, तर २५ च्या आसपास. तुमचे राणी-गुलाम आणि त्याचे एक्का-सत्ती, तर साधारण ४०. म्हणजे पाच ब्लाइंडवर ढकलणाऱ्या भाच्यासमोर राणी-गुलामनं कॉल करणं इथं चालून जातं. हरलात तरी तुमचे ३५,००० शिल्लक राहतात.

तिसरी पायरी: रिकाम्या साइड पॉटमध्ये फसवी बेट नको

खरी मेख इथं आहे. डाव तिघांचा आहे, साइड पॉट रिकामा आहे आणि टर्नपर्यंतचे पत्ते उघडलेत: किलवरचा राजा, बदामची नश्शी, चौकटची चौकी, इस्पिकची दुर्री. तुमच्या हातात राणी-गुलाम, दाजींकडे छक्क्यांची जोडी, भाच्याकडे एक्का-अठ्ठी. अर्थात तुम्हाला फक्त तुमचे पत्ते दिसतात, पण हिशोबासाठी आपण सगळे उघडून बघू.

गड्डीत ४२ पत्ते उरलेत. चारही रंग टेबलावर आलेत, म्हणजे फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) कुणाचाच होत नाही. तुम्हाला लागतात तीन राण्या, तीन गुलाम किंवा चार दश्श्या (दश्शी आली की नश्शीपासून राजापर्यंत ओळीनं पाच, म्हणजे स्ट्रेट), एकूण १० पत्ते. भाच्याला तीन एक्के किंवा तीन अठ्ठ्या, एकूण ६. बाकी २६ पत्त्यांवर दाजी जिंकतात. म्हणजे भाचा वाचण्याची शक्यता ४२ पैकी ६, अवघे १४ टक्के.

आता तुम्हाला चेव येतो आणि तुम्ही ८,००० ची बेट मारता. दाजी राजाकडे बघतात, छक्क्यांकडे बघतात आणि टाकून देतात. दाजींना उठवल्याचं समाधान मिळालं, पण हाती काय आलं? तुम्हाला अजूनही तेच १० पत्ते लागतात. तुमची शक्यता आधीही २४ टक्के होती, आताही २४ टक्केच. दाजींच्या वाट्याचे २६ पत्ते मात्र सगळेच्या सगळे भाच्याकडे गेले, कारण तुमच्या राणीपेक्षा त्याचा एक्का मोठा. भाचा १४ टक्क्यांवरून थेट ७६ टक्क्यांवर. साइड पॉट रिकामा होता, त्यामुळे तिकडूनही एक चिप मिळाली नाही. बेट तुमची आणि फायदा भाच्याचा.

अशा वेळी टेबलावरून हमखास आवाज येतो, "कामून मारलास रे बेट? गप बसला असतास तर गेला असता की तो!" ओरडणाऱ्याचं गणित बरोबर असतं.

याची किंमत पेट्यांमध्ये किती?

चिप्स बक्षीस नाहीत, पेट्या बक्षीस आहेत. चिप्सचं पेट्यांमध्ये रूपांतर करायची एक रीत आहे, तिला इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात, बोलताना आयसीएम. मूळ सूत्र १९७३ मध्ये डेव्हिड हारव्हिल यांनी घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं आणि पुढे ऐंशीच्या दशकात मेसन मॅलमथ यांनी ते पोकर टुर्नामेंटला लावलं. रीत सोपी आहे: एकूण चिप्समध्ये तुमचा जेवढा हिस्सा, तेवढी पहिला येण्याची शक्यता. दुसऱ्या नंबरसाठी एकेकाला पहिला धरून बाजूला काढायचं आणि उरलेल्यांत तुमचा हिस्सा बघायचा. तिसऱ्यासाठी पुन्हा तसंच. मग प्रत्येक शक्यतेला त्या नंबरच्या पेट्यांनी गुणायचं. कागद-पेननं अर्धा तास लागतो, पण एकदा स्वतः करून बघाच. चिप्सकडे बघायची नजर त्यानंतर वेगळी होते.

आपल्या टेबलावर डाव सुरू होण्याआधी तुमचे ४०,००० म्हणजे ३.४३ पेट्या. भाच्याचे ५,०००, म्हणजे एकूण चिप्सच्या फक्त ५ टक्के, पण त्यांची किंमत ०.७२ पेटी. दहा पेट्यांचे ५ टक्के अर्धी पेटी होते, त्यापेक्षा बरीच जास्त. कमी चिप्सवाला टिकून राहिला तर त्याची प्रत्येक चिप इतरांच्या चिपपेक्षा महाग असते, आणि ती किंमत बाकीच्या तिघांच्या खिशातून जाते.

आता १५,००० च्या पॉटचे तीन शेवट बघा. तुम्ही जिंकलात तर तुमची किंमत ३.८४ पेट्या. दाजी जिंकले आणि भाचा बाद झाला तर ३.३९. भाचा जिंकला तर ३.१०. मधला आकडा नीट बघा. तुम्ही ५,००० चिप्स हरलात तरी नुकसान जेमतेम ०.०४ पेटी, कारण भाचा गेल्यानं उरलेल्या तिघांच्या किमान दोन पेट्या पक्क्या झाल्या. तात्यांनी तर डावात हातच घातला नाही, तरी दाजी जिंकताच ते ३.०५ वरून ३.२२ वर जातात.

वरच्या डावात राणी-गुलाम घेऊन तुम्ही चेक करत, म्हणजे काही न लावता पाळी पुढे देत बसलात तर तुमची सरासरी ३.४५ पेट्या. बेट मारून दाजींना उठवलंत तर ३.२८. एका बेटनं ०.१७ पेटी गेली. टुर्नामेंटच्या तोंडावर, बक्षिसं लांब असताना, हा फरक इतका दिसत नाही. पण बक्षिसापासून एकच जण दूर असताना, ज्याला बबल म्हणतात, तिथं हाच फरक नंबर ठरवतो. सगळ्या पेट्या एकट्या पहिल्याला असतील तर आयसीएम लावायची गरज नाही, तरीही राणी-गुलामची ती बेट फुकटच; तुमचे १० पत्ते १० च राहतात.

चौथी पायरी: बेट कधी मारायचीच

"कुणी ऑल इन असेल तर बाकीच्यांनी शेवटपर्यंत चेकच करायचं" हा नियम पुष्कळ जण देवाच्या वचनासारखा पाळतात. मला तो अर्धवट वाटतो. दुसरा डाव बघा.

टर्नपर्यंत आलेत किलवरची नश्शी, चौकटची सत्ती, बदामची चौकी, इस्पिकची दुर्री. दाजींकडे पुन्हा छक्क्यांची जोडी. भाच्याकडे राजा-गुलाम. तुमच्या हातात एक्का-राणी. जोडी तुमचीही लागलेली नाही, म्हणजे वरवर पाहता ही बेटसुद्धा फसवीच. पण मोजा. सगळे चेक करत राहिले तर तुम्हाला लागतात तीन एक्के किंवा तीन राण्या, ६ पत्ते, १४ टक्के. भाच्यालाही ६. दाजींचे ३०. आता तुमच्या बेटनं दाजी उठले, तर भाच्याला लागणारे ६ पत्ते ६ च राहतात आणि बाकी ३६ तुमचे. तुम्ही १४ वरून ८६ टक्क्यांवर, आणि भाचा होता तिथंच, १४ वर. ही बेट मारायलाच हवी.

दोन्ही डावांत तुमच्या हातात काही लागलं नव्हतं, दोन्हीकडे उठले दाजीच. फरक एवढाच की दाजी उठल्यावर भाच्याशी एकट्यानं पडलेल्या गाठीत पहिल्या डावात तुम्ही मागे होता, दुसऱ्यात पुढे. म्हणून बेटला हात घालण्याआधी स्वतःला विचारा: तिसरा गेला तर हे पत्ते ऑल इनवाल्याला मारतात का?

त्याचे पत्ते दिसत नाहीत, म्हणून त्यानं कितीवर ढकललं ते बघा. पाच ब्लाइंडवरचा माणूस कुठलाही एक्का, कुठलीही जोडी, राजाबरोबरचं जरा बरं पान, काय वाटेल ते ढकलतो. त्यातल्या जोडी न लागलेल्या जवळपास सगळ्या हातांना तुमचे एक्का-राणी मारतात. राणी-गुलाम त्यातल्या थोड्यांनाच मारतात. पंधरा ब्लाइंडवर ढकलणारा मात्र निवडून ढकलतो. तिथं एक्का-राणीवरचा हा भरवसा कमी करा.

बेटचा आकार लहान ठेवा. मुख्य पॉट १५,००० चा असेल तर ५,००० पुरे. छक्क्यांची जोडी घेऊन बसलेल्या दाजींना रिकाम्या साइड पॉटसाठी दोघांशी लढायचं नसतं. ते एवढ्यावरही उठतात. आणि त्यांनी कॉल केलं तर समजायचं की नश्शी लागली आहे, पुढे एक चिपही टाकायची नाही.

खरा हात लागला असेल तर प्रश्नच नाही. फ्लॉपवर राजा आला आणि तुमच्याकडे एक्का-राजा आहेत, तर बेट मारा आणि कुणी कुरकुरलं तर कुरकुरू द्या. कमकुवत हातवाला कॉल करतो तेव्हा साइड पॉट भरतो, आणि स्ट्रेट किंवा फ्लशची वाट बघणाऱ्याला फुकट पत्ता मिळत नाही. साइड पॉट आधीच मोठा झाला असेल तेव्हाही गप्प बसण्याचं कारण उरत नाही. मुख्य पॉट १५,००० चा आणि साइड २०,००० चा असेल तर खरी लढाई साइडचीच. मधल्या दर्जाच्या हाताला मात्र, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाची जोडी वगैरे, चेकच बरा. तिथं बेट मारली की तुमच्यापेक्षा वाईट हात उठतात आणि चांगले हात बसून राहतात.

फ्लॉपच्या आधीच तिसऱ्याला बाहेर ठेवणं

भाच्यानं ढकललं, पाळी तुमची आहे, तात्या आणि दाजी अजून तुमच्या मागे आहेत, आणि हातात नश्शीची जोडी. नुसता कॉल करू नका. एकट्यासमोर, त्याची दोन मोठी पानं धरली, तर नश्शी साधारण ५५ टक्के. आणखी एक जण वेगळी दोन मोठी पानं घेऊन आला की ती चाळिशीपर्यंत घसरते. म्हणून १२,००० पर्यंत रेज करा, म्हणजे बेट वाढवा, आणि मागच्यांना बाहेर ठेवा.

तुमच्याकडे ४०,००० आहेत, म्हणून हे तुम्हाला जमतं. तात्या किंवा दाजी तुम्हाला एका डावात बाद करू शकत नाहीत, तुम्ही त्यांना करू शकता. दाजींच्या जागी बसला असाल तर मागे ४०,००० वाला शिल्लक आहे हे लक्षात ठेवा. त्यानं उलट ढकललं तर चौथ्या नंबरवर तुम्ही जाल आणि भाचा दोन पेट्या घेऊन घरी.

एक नियम इथं माहीत हवा. फ्लॉपनंतर दाजींनी २,००० लावले, तुम्ही कॉल केलं आणि मग तिसरा २,९०० नं ऑल इन झाला, तर ती पुरी रेज झाली नाही. पुऱ्या रेजला ४,००० लागले असते. अशा वेळी ज्यांची पाळी होऊन गेली आहे त्यांना फक्त वरचे ९०० भरता येतात किंवा फोल्ड करता येतं. पुन्हा रेज करता येत नाही.

समोरच्यानंच रिकाम्या साइड पॉटमध्ये बेट मारली तर

मान द्या. हे सगळं माहीत असलेला माणूस तिथं उगाच चिप्स टाकत नाही. दाजींनी ८,००० लावले आणि तुमच्याकडे चौक्यांची जोडी आहे, तर टाका आणि भाच्याचं काय होतं ते निवांत बघा. उलट एखादा जण तीन पत्तीच्या सवयीनं दर वेळी मारतोच हे दिसलं, तर त्याच्यासमोर मधल्या जोडीनंही कॉल करा. एका संध्याकाळीत माणूस कळतो.

बोलायचं नाही

गप्प बसून चेक करणं वेगळं आणि "दाजी, आपण दोघं चेकच करत जाऊ" असं म्हणणं वेगळं. दुसरं उघड संगनमत आहे. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनच्या नियमांत हे स्पष्ट आहे: एका हाताचा खेळाडू एकच, डाव चालू असताना पत्त्यांबद्दल बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. डोळ्यांनी खुणावणंही त्यातच आलं. घरच्या खेळात नात्याची भीड मध्ये येते, भाचा लाडका असतो, दाजींना दुखवायचं नसतं. माझं मत ठाम आहे: नातं पत्त्यांच्या बाहेर ठेवा, नाहीतर बक्षीस ठेवू नका.

ऑल इनवाल्याचे पत्तेही लगेच उघडायचे नाहीत. बाकी दोघांची बेटिंग संपेपर्यंत ते पालथेच राहतात. बेटिंग संपली की मात्र सगळ्यांचे पत्ते उताणे, मग टेबलावरचे उरलेले पत्ते काढायचे.

आणि तुम्हीच ५,००० वाले असाल तर

भाच्याच्या जागेवर बसून बघा. तात्या आणि दाजी एकमेकांवर ऑल इन झालेत, पाळी तुमची आहे आणि हातात एक्का-दश्शी. जीव तळमळतो, पण टाका. तात्या जिंकले तर दाजी बाद आणि तुमच्या दोन पेट्या पक्क्या, एकही चिप न लावता. दाजी जिंकले तर तात्यांकडे तुमच्याएवढेच ५,००० उरतात, आणि तुम्ही आहात तिथंच आहात.

मोह आवरला नाही आणि तुम्हीही त्यात पडलात, तर एक नियम लक्षात असू द्या. एकाच डावात दोघं बाद झाले तर डाव सुरू होताना ज्याच्याकडे जास्त चिप्स होत्या तो वरच्या नंबरवर. दाजी २५,००० घेऊन बसले होते, तुम्ही ५,०००. तिसरे दाजी, दोन पेट्या त्यांच्या. चौथे तुम्ही.